उठल्या उठल्या हात उडतो

"स्पर्शिका वर्तुळाला किती ठिकाणी टेकते?" फळ्याकडे तोंड करूनच मी विचारलं.

उत्तर आलं नाही. घशातून दाबून काढल्यासारखी एक किंकाळी आली आणि पाठोपाठ बाक करकरत सरकल्याचा आवाज.

वळून पाहिलं तर वृषाली घोडके दोन बाकांच्या मधल्या फरशीवर पडली होती. अंग लाकडासारखं ताठ, डोळे उघडे पण बुबुळं वर गेलेली. वर्गातल्या बत्तीस मुली एकदम ओरडायला लागल्या. २००४ सालचा जानेवारी, दहावीचा जादा तास, सकाळचे पावणेसात. परीक्षेला सात-आठ आठवडे उरलेले.

मी आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग ओरडले, "बाक मागं ओढा! सगळ्याजणी भिंतीला लागून उभ्या राहा!"

तोवर तिचे हातपाय उडायला लागले होते. मी तिच्याशेजारी बसले, खांद्यावरची शाल घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली, गळ्याचं बटण सोडलं. ओठ निळे पडत चालले होते. तोवर कुणाला फिट येताना मी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हातांना मात्र काय करायचं ते ठाऊक होतं.

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक लोखंडे सर धावत आले. त्यांच्यामागे शिपाई, एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातून आणलेला चमचा.

"बाई, दातात चमचा घाला, जीभ तुटेल तिची! आणि हात धरा घट्ट!"

"काही घालायचं नाही."

"अहो, पण..."

"सर, तिला कुणीही हात लावायचा नाही!"

अकरा वर्षांच्या नोकरीत सरांसमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. ते होते तिथंच थांबले.

झटके विरळ झाले, थांबले. दोन मिनिटांना दहा सेकंद कमी. मी तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस वाहून जाऊ दिला. स्कर्ट ओला झाला होता. मुलींना बाहेर काढून मी तिच्या अंगावर दुसऱ्या एका मुलीचा स्वेटर पसरला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

सरांच्या जीपने आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो.

डॉक्टर मुजावर तेव्हा चाळिशीचे असतील. हळू बोलायचे आणि एकच प्रश्न दोन-तीन तऱ्हांनी विचारायचे. त्यांनी आधी तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली, रक्तदाब घेतला, ताप पाहिला, मान वाकवून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. जिभेच्या कडेला दात लागला होता, तो मला दाखवला. मग विचारलं, "पडताना कुणी पाहिलं?"

"मी. म्हणजे किंकाळीनंतर लगेच."

"सांगा. काहीही गाळू नका."

मी सगळं सांगितलं. आधी ताठ झाली, मग दोन्ही बाजूंचे हातपाय सारखेच उडत होते, एकीकडे जास्त असं नव्हतं, डोळे उघडे होते, एक मिनिट पन्नास सेकंद, आणि नंतर वीस मिनिटं तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मला नातेवाईक सांगतात ते असं: 'पडली, फेस आला, लई वेळ चाललं.' तुम्ही तर घड्याळ लावून बसल्यासारखं सांगताय. कुठं शिकलात?"

"गाईडच्या शिबिरात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि वृषालीकडे वळले. तिला आता ओळख येत होती, डोकं मात्र ठणकत होतं. डोक्याला कधी मार? लहानपणी तापात आकडी? घरात कुणाला? कुठलं औषध चालू? मला बाहेर पाठवून, नर्सला थांबवून, पाळीबद्दल आणि आणखीही काही विचारलं असावं. परत आत बोलावलं तेव्हा ते म्हणत होते, "याआधी कधी हातापायाला झटके?"

"नाही," वृषाली म्हणाली.

तेवढ्यात तिची आई आली. कांताबाईंची बाजारपेठेच्या मागे पिठाची गिरणी होती. नवरा एसटीच्या गॅरेजात, बदलीवर लांब. गिरणी ही एकटी चालवायची. तशीच पळत आली होती, केसांवर, भुवयांवर, अगदी पापण्यांवरसुद्धा पीठ.

"काय झालं माझ्या पोरीला? उपाशी आली व्हती, चक्कर आली आसंल."

"चक्कर नाही, फिट होती," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. एकदा फिट आली म्हणजे मिरगीचा आजार झाला असं होत नाही. पुष्कळांना पुन्हा आयुष्यात येत नाही. आत्ता तपासणीत मला काही धोक्याचं दिसत नाही, म्हणून आज गोळी चालू करत नाही. पण मिरजेला जाऊन मेंदूचा आलेख काढायचा, स्कॅनही करायचा. तोवर रात्रीची पुरेशी झोप. विहिरीवर, गच्चीवर, चुलीपाशी एकटं जायचं नाही."

कांताबाईंनी त्यातलं एवढंच ऐकलं. "म्हंजे परत येत न्हाई."

"तसं मी म्हणालो नाही..."

"डाक्टर, कागदावर चक्कर लिवा. पोरीची जात हाय."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर फिटच लिहिलं. कांताबाईंनी ती घडी करून कमरेच्या पिशवीत अशी दाबली, की ती आता मिरजेला पोचणार नाही हे मला तिथंच कळलं.

दुपारी मुलीला सोडलं. फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. कांताबाई लेकीला धरून चालत होत्या आणि धास्तीपोटी तिलाच बोलत होत्या.

"ध्यान कुठं आसतं हिचं, देवाला ठाऊक. दिवाळीपासनं धांदरट झालीया नुसती. उठल्या उठल्या हातात कप दिला की गेला उडून. तीन कप फोडलं. परवा दळणाचं मापटं हातातनं उडालं, सगळी ज्वारी भुईवर."

"आई, मुद्दाम करते का मी?" वृषाली म्हणाली. "आपोआप उडतो हात."

माझे पाय थांबले.

"सकाळीच होतं का गं असं?" मी विचारलं. "दुपारी नाही होत?"

"नाही बाई. उठल्यावर तासभर. रात्री जागून अभ्यास केला की जास्त."

"आणि सकाळी गिरणीत कोण असतं?"

"मीच," ती म्हणाली. "पाच ते साडेसहा मी दळण टाकते, तोवर आई घरचं उरकते. मग जादा तासाला येते."

त्या गिरणीत मी कितीदा गेले होते. पेटीत दाणे ओतायला उभं राहायची जागा आणि मोटरचा फिरता पट्टा यांच्यात जेमतेम हातभर अंतर. पट्ट्यावर जाळी नव्हती.

मी तेव्हाच उलट पावली डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. शाळेत आले, नववीचा तास घेतला. काय शिकवलं आठवत नाही. एकच हिशेब डोक्यात चालला होता: मी बोलले तर डॉक्टर विचारतील, बाई, हे तुम्हाला कसं सुचलं? आणि यावेळी गाईडचं शिबिर पुरणार नव्हतं.

शाळा सुटली तेव्हा साडेपाच वाजले होते. गिरणीपाशी पोचले तर मोटर धडधडत होती, पाच-सहा बायका डबे लावून उभ्या. त्यात आमच्याच गल्लीतल्या सुमनकाकू. आत बघितलं, तर पेटीजवळ वृषाली उभी होती. सकाळी फिट आलेली मुलगी संध्याकाळी पट्ट्याजवळ!

"कांताबाई, मोटर बंद करा."

"का वो बाई? गिऱ्हाईक हाय."

"करा आधी बंद."

माझा चेहरा बघून त्यांनी खटका पाडला. पट्टा फडफडत थांबला. एकाएकी इतकी शांतता झाली की बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"जरा घरात चला," मी हळू म्हणाले. "दोन शब्द बोलायचंय."

"हितंच बोला की. माझं काय चोरीचं हाय?" त्यांचा आवाज चढला होता, कारण बायका ऐकत होत्या. शाळेतली बातमी गावात फिरून आली होतीच.

"वृषालीचा सकाळी हात उडतो तो धांदरटपणा नाही. तोही त्याच दुखण्याचा भाग आहे. डॉक्टरांना हे सांगायला पाहिजे. आजच. आणि तिला या पट्ट्यापाशी उभं करू नका, दोघींचा जन्म पस्तावण्यात जाईल."

"आता सकाळी एक, संध्याकाळी दुसरं! डाक्टर म्हणलं, परत येत न्हाई. तुमी काय डाक्टर हाय?"

"नाही."

"मग? फिट फिट करून माझी पोर गावभर नासवाय निघालाय! उद्या तिचं लगीन कोण करंल? तुमी?" त्या माझ्या अगदी जवळ आल्या. "एक सांगा बाई. तुमच्या घरात कुणाला आसं झालं आसतं, तर आलं आसता का हितं चार बायकांत सांगाय?"

वृषाली भिंतीला टेकून उभी होती, मान खाली. सकाळपासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं, जो तो तिच्याबद्दल बोलत होता. अशीच मान खाली घालून मीही एकदा उभी होते, माझे वडील आणि मामा माझ्याबद्दल बोलत असताना.

"मला येते," मी म्हणाले.

"काय?"

"फिट. मला येते. सोळाव्या वर्षापासून. हिच्यासारखंच झालं होतं. आधी वर्षभर सकाळी हातातून वस्तू उडायच्या. मीही कुणाला सांगितलं नाही, मला वाटायचं मीच वेंधळी. मग एकदा पाण्याच्या हंड्यावर पडले. ही हनुवटीखालची खूण त्याची. एकवीस वर्षं रोज गोळी घेते. गेल्या पंधरा वर्षांत एकदाही आलेली नाही."

कांताबाईंच्या पीठभरल्या चेहऱ्यावर घामाचा एक ओघळ उतरत होता.

"पोरं हायती तुमाला," त्या म्हणाल्या. प्रश्न होता की काय, कळलं नाही.

"दोन. धडधाकट आहेत."

"आन्‌ मालकांना ठावं हाय?"

चौदा वर्षांपूर्वी माझं लग्न झालं तेव्हा फिट येते एवढ्या कारणावरून कायद्यानेच लग्न रद्द करून घेता येत असे. वडिलांनी मला देवासमोर शपथ घालून गप्प केलं होतं. पुढे कायदा बदलला, मी मात्र गप्पच राहिले. पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं, दुसऱ्या वर्षी सांगायला हवं होतं, आणि मग सांगण्याची वेळच टळून गेल्यासारखी वाटायला लागली. गोळ्या भाऊ आणून द्यायचा.

"नाही," मी म्हणाले. "आज कळेल."

सुमनकाकू तेवढ्यात निघाल्या. इतक्या लगबगीने, की पिठाचा डबा तिथंच राहिला. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर. आत्ता निघाले तर मी त्यांच्या आधी पोचू शकते, असं मनात येऊन गेलं. पण डॉक्टर साडेसहाला उठून जायचे.

"वृषाली, चप्पल घाल," मी म्हणाले. "कांताबाई, चला."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं आणि उभ्या असलेल्या बायकांना म्हणाल्या, "गिरण बंद. दळण उद्या."

डॉक्टर मुजावर हात धूत होते. आम्हा तिघींना बघून त्यांनी परत खुर्ची ओढली. मी वृषालीला म्हटलं, "तू सांग. तुझं आहे, तूच सांग." आणि तिने सांगितलं. कप, मापटं, एकदा वेणी घालताना हातातून उडालेला कंगवा, जागरणानंतरच्या सकाळी वाढणारं सगळं. डॉक्टर मधेमधे विचारत होते. त्यावेळी शुद्ध असते का? असते. दोन्ही हात? दोन्ही. पूर्ण थांबायला किती वेळ? तासभर.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "सकाळी मी विचारलं, झटके येतात का. ती नाही म्हणाली, आणि खोटं बोलली नाही. तिच्या लेखी तो वेंधळेपणा होता. मी हात उडतो का असं विचारायला हवं होतं. चूक माझी." मग कांताबाईंकडे वळले. "ताई, सकाळी मी म्हणालो, एकच फिट, थांबून बघू. आता तसं म्हणता येणार नाही. मोठी फिट आज पहिल्यांदा आली, पण दुखणं दिवाळीपासूनचं आहे. हा ओळखीचा आजार आहे, या वयातच सुरू होतो. गोळीने चांगला आटोक्यात राहतो, पण गोळी चुकवायची नाही आणि झोप चुकवायची नाही. गोळी कुठली, तेही बघून देतो, पुढं तिला लेकरं व्हायचीत. मिरजेचा आलेख झाला की पक्कं कळेल."

"बरी हुईल?" कांताबाईंनी विचारलं.

"दहावीला बसेल. पुढंही शिकेल. लग्न करायचं तर तेही करेल."

कांताबाईंनी पिशवीतून सकाळची चिठ्ठी काढली, मांडीवर ठेवून हाताने सरळ केली आणि टेबलावर ठेवली. "मिरजंला कुटं जायाचं, ते बी लिवा हिच्यावर."

डॉक्टरांनी लिहिलं. आम्ही उठलो तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, ते गाईडचं शिबिर..." आणि नुसते हसले.

आलेखात त्यांना वाटलं होतं तेच निघालं. गोळी सुरू झाली, तीन आठवड्यांत सकाळचे झटके थांबले. कांताबाईंनी पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि पहाटेच्या दळणासाठी शेजारची एक बाई ठेवली. वृषालीचा जादा तास मी दुपारी घ्यायला लागले. रात्री दहाला झोप म्हणजे झोप, हे मी तिच्या आईकडून रोज वदवून घ्यायची. बीजगणित-भूमिती मिळून गणितात तिला एकशेपन्नासपैकी एकशे एकतीस पडले. आज ती साताऱ्याकडे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे, एक मुलगी आहे तिला. लग्न ठरताना मुलाकडच्यांना तिने पहिल्याच बैठकीत स्वतः सांगितलं. एका स्थळाने त्यावरून नकार दिला, दुसऱ्याने दिला नाही.

गावात बोलायचे ते बोलले. दोन पालकांनी दहावीला दुसरे शिक्षक मागितले. लोखंडे सरांनी मला बोलावून ते सांगितलं. मी म्हटलं, "वर्ग मी सोडणार नाही." त्यावर सर म्हणाले, "मी त्यांना तेच सांगितलंय." आणि महिन्याभरात तिघं जण अंधार पडायच्या सुमाराला, डोक्यावर पदर किंवा टोपी ओढून, माझ्या दारात येऊन गेले. डॉक्टरांची वेळ विचारायला.

पण त्या दिवशी मी घरी गेले त्याचं सांगायचं राहिलं.

सुमनकाकू माझ्या आधी पोचल्या होत्याच. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. हे कालव्याच्या पाहणीवरून नुकतेच आलेले, बूट अजून पायांत.

"खरं आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"तुझ्या वडिलांनी फसवलं आम्हाला."

"हो. फसवलं. आणि चौदा वर्षं मीही फसवलं."

हे काहीच बोलले नाहीत. बूट काढले, हात-पाय धुतले, जेवले. त्या रात्रीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्यासमोर ताट वाढून घ्यायचे, मुलांशी बोलायचे, निघून जायचे. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माहेरी जाऊ का?" तर म्हणाले, "मी तसं म्हटलंय का?" आणि पुन्हा गप्प. चौथ्या दिवशी अंथरुणावर पडल्या पडल्या एवढंच म्हणाले, "आपला धाकटा झाला, तेव्हाही तू घेत होतीस गोळ्या? एकटीच?" मी हो म्हटलं. त्यांनी कूस वळवली. त्यांच्या पाठीकडे बघत मी बराच वेळ जागी होते, आणि मग जागायचं नसतं हे आठवून डोळे मिटून घेतले.

पाचवा दिवस रविवार होता. सकाळी आम्ही तिघं चहाला बसलो होतो. मुलं अजून उठली नव्हती. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तुझी ती गोळी कधी असते? सकाळी की रात्री?"

"दोन्ही वेळा."

"आजची घेतलीस?"

"अजून नाही. घेते आता न्हाणीत जाऊन."

"न्हाणीत कशाला?" ते म्हणाले. "इथं घे."

मी कपाटातून गोळी आणली. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, पण हाताशी होता तो पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्या बाजूला सरकवला. त्या दोघांच्या देखत, पाटावर बसून, मी ती गोळी घेतली.